पाखाडीवरून मुरमावर

प्रश्न : रत्नागिरी तालुक्यातले एक वाचक लिहितात – वय 41, वजन 74 किलो. पाच वर्षं हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली) माउंटन बाईक चालवतो : 29 इंची चाकं, 2.25 इंची खडबडीत टायर, पुढे 100 मिमीचा सस्पेन्शन फोर्क, पुढे एक आणि मागे अकरा गिअर. दर रविवारी आमचा चौघांचा गट सड्यावरून, म्हणजे कातळी पठारावरून, खाली वाड्यांमध्ये पाखाड्या (दगडी पायऱ्यांच्या वाटा) उतरत जातो. गेल्या वर्षापासून त्यात मन लागेनासं झालंय. सगळा वेळ नजर पुढच्या दोन मीटरवर, पडायचं भय, आणि घरी आल्यावर कुठून गेलो तेही आठवत नाही. जरा निवांत, लांब जावंसं वाटतं. म्हणून मुरमाच्या रस्त्यांनी पावस, पूर्णगड, कशेळी असा एकदा एकटाच जाऊन आलो, 62 किलोमीटर. वेग वाढावा म्हणून टायरमध्ये 40 पीएसआय हवा भरली होती. परत येईपर्यंत दोन्ही हातांची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर, कंबर धरलेली. त्यावरून वाटलं, या कामाला खडीच्या रस्त्यांसाठीची, वाकड्या हँडलची ग्रॅव्हल बाईकच हवी. नव्वद हजारांपर्यंत जाऊ शकतो, पण घरचं म्हणणं स्पष्ट आहे : एक जाईल तेव्हाच दुसरी येईल. गटातले म्हणतात, ‘ग्रॅव्हल म्हणजे रोड बाईकला जाड टायर, म्हातारपणाची सोय.’ माउंटन बाईक विकू का?

उत्तर : एवढ्यात विकू नका. तुमच्या पत्रात दोन वेगळ्या तक्रारी एकात गुंतल्या आहेत. पाखाडीचा कंटाळा आला ही एक, आणि लांबच्या रस्त्यावर शरीर दुखलं ही दुसरी. पहिलीवर उपाय रस्ता बदलणं हा आहे आणि तो तुम्ही केलेलाच आहे. दुसरीचं खापर तुम्ही सायकलवर फोडलंत, पण खरा गुन्हेगार पत्रातच बसलाय : 40 पीएसआय.

टायर टणक केला की सायकल पळते हा समज डांबरी रस्त्यावरून आलेला आहे. मुरमावर गणित उलटतं. टणक टायर प्रत्येक खड्यावर चाकासकट वर उचलला जातो, त्याबरोबर तुम्हीही उचलले जाता. पुढे जाण्यासाठी मारलेल्या पॅडलमधली शक्ती तुमच्या हातापायांना हलवण्यात संपते. मऊ टायर खडा पोटात घेतो आणि पुढे सरकतो. विश्वास बसत नसेल तर एक सकाळ घालवा. गावाजवळचा तीन-चारशे मीटरचा हलक्या उताराचा मुरमाचा तुकडा निवडा, ज्याच्या शेवटी सपाटी किंवा थोडा चढ असेल. वरून पॅडल न मारता सायकल सोडून द्या आणि ती जिथे थांबेल तिथे चिरा (जांभ्याचा दगड) ठेवा. 40, मग 34, 28, 25 असं करत या, दर वेळी बसण्याची पद्धत तीच ठेवा. सगळ्यात लांबचा चिरा कुठल्या आकड्याचा ते तुमचं तुम्हालाच दिसेल, आणि तो 40 चा असण्याची शक्यता फार कमी. हवा मोजायला मात्र डिजिटल गेज घ्या. पंपावरचा काटा या कमी दाबाला भरवशाचा नसतो.

74 किलो वजनाला आणि 2.1 ते 2.25 च्या टायरला ट्यूब असेल तर पुढे 26, मागे 28 पासून सुरुवात करा. ट्यूबलेस असेल तर 22 आणि 24. पाण्याच्या बाटल्या आणि सामान वाढलं तर मागे दोन वाढवा. ट्यूब ठेवून याहून खाली जाऊ नका. जांभ्याची चिऱ्यासारखी उभी कड लागली की ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात.

बधिर बोटांकडे दुर्लक्ष नको. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट यांची नस तळहाताच्या बाहेरच्या कडेवरून जाते, आणि हँडलच्या सरळ दांड्यावर तासन्‌तास नेमका तिथेच भार पडतो. पाखाडीवर हे कळत नाही, कारण तिथे तुम्ही उभे असता, हात सतत हलत असतात आणि दर पाच मिनिटांनी कुणीतरी थांबतं. लांबच्या रस्त्यावर माणूस बसून राहतो. त्यामुळे आधी सीट बघा. उतारांच्या सोयीसाठी बरेच जण सीट खाली आणि तिचं नाक खाली झुकवून ठेवतात. मग अंग पुढे घसरतं आणि सगळं वजन हातांवर येतं. स्पिरिट लेव्हल लावून सीट सपाट करा. टाच पॅडलवर ठेवून पॅडल तळाला नेलं तर गुडघा जेमतेम सरळ व्हावा इतकी ती वर घ्या, पण एकदम नको, आठवड्याला पाच मिमी या हिशोबाने. मग दांड्यावर ग्रिपच्या आतल्या बाजूला छोटी बार-एंड (शिंगासारखी उभी मूठ) बसवा. बाहेरच्या टोकाला नाही, आत. हात उभा धरायची दुसरी जागा मिळते आणि ब्रेकही फार लांब राहत नाही. दर दहा मिनिटांनी पकड बदला. एवढं करूनही बधिरपणा दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत टिकला तर डॉक्टरांना दाखवा.

आता ‘निवांत’ या शब्दाबद्दल. ग्रॅव्हल म्हणजे निवांत, ही तुमची समजूत आणि म्हातारपणाची सोय, ही गटाची समजूत. दोन्ही सारख्याच चुकीच्या आहेत. 2022 मध्ये ग्रॅव्हलची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा इटलीत झाली, तेव्हा महिलांचं विजेतेपद फ्रान्सच्या पॉलिन फेराँ-प्रेव्होने घेतलं, आणि त्याच वर्षी माउंटन बाईकच्या क्रॉस-कंट्रीची जगज्जेतीही तीच होती. गटाला हे सांगा, गंमत येईल. फरक श्रमाच्या जातीचा आहे. पाखाडीवर चाळीस सेकंद जीव तोडून, मग दोन मिनिटं उतार. मुरमाच्या रस्त्यावर तीन-चार तास एकसारखं काम, विश्रांती नावापुरती. तुमची कंबर धरली त्यात याचाही वाटा आहे. पाच वर्षांत तुमच्या पायांना सलग दोन तास फिरायची सवयच लागलेली नाही. म्हणून पहिली वीस मिनिटं अशी चालवा की सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता यावं. मग निवांतपणा येतो, आणि आजूबाजूला बघायला सवडही मिळते.

अंतराचं गणितही कोकणात किलोमीटरने करू नये. आपल्याकडे रस्ता खाडीला उतरतो, पुलावरून किंवा तरीने (होडीने) पलीकडे जातो, पुन्हा सड्यावर चढतो, आणि पाच-सात किलोमीटरवर पुढचा व्हाळ (ओढा) तयारच असतो. पूर्णगडच्या खाडीला उतरून कशेळीच्या सड्यावर चढताना तुमच्या मांड्यांनी हे सांगितलंच असेल. रस्ता आखताना नकाशाच्या ॲपमध्ये एकूण चढ बघा आणि त्याला किलोमीटरने भागा. किलोमीटरमागे 10 मीटर म्हणजे सोपा, 15 म्हणजे आपल्याकडचा नेहमीचा, 20 च्या वर गेला तर 40 किलोमीटरही 60 सारखे लागतात. पहिला महिना 30 ते 35 किलोमीटर आणि एकूण चढ 500 मीटरच्या आत ठेवा. 62 ची उडी तिसऱ्या महिन्यात.

हाच मुद्दा ग्रॅव्हल बाईक निवडतानाही लागू पडतो. हा प्रकार वाढला अमेरिकेच्या मध्य भागात, कॅन्ससमधल्या एम्पोरियासारख्या गावांभोवती, जिथे 2006 पासून दोनशे मैलांची प्रसिद्ध शर्यत होते. तिथे शेतांमधून सरळसोट, मैलोन्‌मैल लांब खडीचे रस्ते. खाली वाकून वेग धरायचा दांडा, 40 मिमीचा टायर, जड गिअर, सगळं त्या भूमीला साजेसं. आपला सडा तसा नाही. बाजारात दिसणाऱ्या एकपदरी गिअरच्या ग्रॅव्हल बाईकवर पुढे 40 दात आणि मागे सर्वांत मोठं दातेरी चाक 42 दातांचं असतं. म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्याला मागचं चाक जवळपास एक फेरा फिरतं. तुमच्या आत्ताच्या सायकलवर पुढे 32 आणि मागे 50 असेल तर तोच आकडा 0.64 येतो. मिनिटाला 60 फेरे मारत चढलात तर माउंटन बाईकवर ताशी सव्वापाच किलोमीटरने चालता येतं. ग्रॅव्हल बाईकवर त्याच फेऱ्यांना साडेसातच्या वर जावं लागतं. नाही जमलं तर उतरून ढकलायचं. जेटीवरून वाडीकडे जाणाऱ्या सिमेंटच्या चढावर हे फार लवकर समजतं.

आणि वरचा वेग? ‘माउंटन बाईक पळत नाही’ म्हणतात, पण 32 दातांवर मागे 11 चा गिअर लावून मिनिटाला 85 फेरे मारले तर ताशी 34 किलोमीटर होतात. मुरमाच्या रस्त्यावर याहून वेग कुठे हवाय? फारच वाटलं तर पुढचं दातेरी चाक 34 दातांचं करा, 36 पर्यंत जाल. आधी फ्रेमच्या नळीपासून ते घासत नाही ना, हे दुकानात बसवून बघा. चेन दोन कड्यांनी लांब करावी लागेल.

तर दिवाळी ते शिमगा एवढा काळ आहे त्या सायकलवरच काढा, फक्त टायर बदला. खडबडीत टायरच्या उंच गाठी पाखाडीवर पकड देतात, पण मुरमावर त्या नुसत्या वाकतात आणि डांबरावर घोंघावतात. मध्ये गाठी जवळजवळ आणि ठेंगण्या, कडेला थोड्या मोठ्या, अशा 2.1 किंवा 2.2 च्या जोड्या मिळतात. व्हिटोरिया मेझकल किंवा कॉन्टिनेन्टल रेस किंग या जातीचे. 29 इंची चाक आणि ग्रॅव्हलचं 700 सी चाक यांचा रिमचा व्यास एकच, 622 मिमी, त्यामुळे ग्रॅव्हलचे 45 किंवा 50 मिमीचे टायरही तुमच्या रिमवर चढतील. मात्र रिमची आतली रुंदी 25 मिमी असेल तरच 45 चा विचार करा. 30 मिमीच्या रिमवर 50 च्या खाली नको. शिवाय 57 मिमीच्या जागी 45 चा टायर आला की सगळी सायकल सुमारे 12 मिमी खाली येते आणि गाडीच्या चाकोरीत पॅडल मधल्या उंचवट्याला आपटतं. मला विचाराल तर 2.1 वरच थांबा.

टायर बदलताय तर ट्यूबलेस करून घ्या. या आकाराला एका चाकात शंभर मिली सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव) घाला. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते लवकर सुकतं, दर दोन महिन्यांनी व्हॉल्व्हमधून काडी घालून बघत जा. खिशात प्लग (भोकात खुपसायची रबरी पट्टी), एक ट्यूब, छोटा पंप आणि जुन्या टायरचा पाच बाय तीन सेंटीमीटरचा तुकडा हवा. हा तुकडा फार महत्त्वाचा. जांभ्याची धार टायरची कूस (बाजूची भिंत) चिरते, तिथे सीलंट चालत नाही. तुकडा आतून लावून ट्यूब घालायची आणि घर गाठायचं. चिरेखाणीच्या आसपास हे हमखास होतं. तिथे ताजी फुटलेली कड असते, आणि वळणावर समोरून चिऱ्यांनी भरलेला ट्रक येतो तो वेगळाच.

फोर्कचं एक राहिलं. चढावर आणि डांबरावर तो लॉक करा, म्हणजे दबत नाही, पण मुरमावर लॉक करून ठेवू नका; आतल्या यंत्रणेवर ताण येतो आणि हातांना पुन्हा तेच हादरे. त्याऐवजी हवा थोडी वाढवा. सायकलवर बसल्यावर फोर्क 25 ऐवजी 15 मिमी खचला की पुरे.

गटातला कुणीतरी आता म्हणेल, ‘हिलाच रोड बाईकचा वाकडा दांडा लाव, झाली ग्रॅव्हल.’ ऐकू नका. माउंटन बाईकची फ्रेम मुळातच लांब असते, त्यात वाकड्या दांड्याने हात आणखी सात-आठ सेंटीमीटर पुढे जातात आणि पाठ पार ताणली जाते. तुमचे हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) ब्रेकचे लिव्हर त्या दांड्यावर बसत नाहीत. शिमानोचे रोडचे गिअर-लिव्हर आणि माउंटनचं अकरा गिअरचं डिरेलर (चेन सरकवणारा भाग) यांची तार ओढण्याची मापं जुळत नाहीत, गिअर जागेवर पडतच नाहीत. पंधरा-वीस हजार घालून दोन्हींकडून जाल.

चालवण्याच्या पद्धतीत दोन सवयी मोडाव्या लागतील. जांभ्याच्या सड्यावर कोरड्या दिवसांत कठीण कातळावर वाटाण्याएवढे गोल लाल खडे पसरलेले असतात. खालचा दगड घट्ट, वरचे खडे सुटे. परातीत साबुदाणा सांडावा तसं. पाखाडीवर तुम्ही वळणात शिरल्यावरही पुढचा ब्रेक चाळवत असाल, कारण तिथे टायर दगडाला धरून असतो. इथे वळणात पुढचा ब्रेक लागला की पुढचं चाक बाजूला निघून जातं, सावरायला वेळच मिळत नाही. ब्रेक वळणाआधी, सायकल सरळ असताना; वळणात दोन्ही बोटं सैल, बाहेरचा पाय खाली, नजर वळणाच्या शेवटाकडे. दुसरी सवय चढावर उभं राहून पॅडल मारण्याची. उभं राहिलात की मागच्या चाकावरचं वजन जातं आणि ते सुट्या खड्यांवर जागच्या जागी फिरतं. हलका गिअर टाका, सीटच्या पुढच्या टोकावर सरका, कोपर खाली वाकवा आणि बसून चढा.

सड्यावर सावली नाही. फेब्रुवारीनंतर पहाटे साडेपाचला निघा आणि दहाच्या आत परता. तासाला पाऊण लिटर पाणी धरा, त्यातल्या एका बाटलीत मीठ-साखर किंवा मीठ घातलेलं कोकम सरबत. माउंटन बाईकवर बहुधा एकच बाटली बसते, म्हणून कुठल्या वाडीत दुकान आहे ते रस्ता आखतानाच टिपून ठेवा. जयगडहून तवसाळला तरीने जायचा बेत केलात तर परतीची शेवटची फेरी किती वाजता ते जाताना जेटीवरच विचारा. आंब्याच्या बागांतले रस्ते खाजगी असतात. मोहोराच्या दिवसांत तिथे फवारणी चालू असते आणि राखणीला कुत्रेही असतात. गडग्याला (दगडी कुंपणाला) पाडलेली वाट दिसली म्हणून आत शिरू नका, हाक मारून विचारा. आणि उक्षी, कशेळी, बारसू, देवीहसोळ या बाजूला कातळावर खोदलेली चित्रं आहेत. ती उथळ आहेत, सकाळच्या तिरप्या उन्हाशिवाय नीट दिसतही नाहीत. मळलेली वाट सोडून मोकळ्या कातळावर सायकल घालू नका.

पावसाळ्यात हे सगळं बंद. ओल्या जांभ्यावर शेवाळ धरतं, लाल चिखल फ्रेम आणि चाकाच्या मध्ये भरून चाक अडतं, आणि सड्यावर तेव्हा जी फुलं येतात ती टायरखाली जातात. त्या चार महिन्यांत डांबरी सागरी महामार्ग आहेच.

किनाऱ्याचा मोह तुम्हाला होणार, म्हणून बजावतो. ओहोटीला वाळू घट्ट असते, मजा येते, पण खारं पाणी बेअरिंगमध्ये आणि चेनमध्ये शिरलं की एका रात्रीत गंज धरतो. गेलातच तर त्याच दिवशी बादलीभर गोड्या पाण्याने धुवा. प्रेशरची नळी नको, ती मीठ आणखी आत ढकलते. पुसून, वाळवून चेनला तेल द्या. तेलाचा थेंब ब्रेकच्या रोटरवर (तबकडीवर) जाऊ देऊ नका. सीटचा खांब आणि पॅडलचे आटे वर्षातून दोनदा काढून ग्रीस लावा. खाऱ्या हवेत ते असे चिकटतात की पुढे कापूनच काढावे लागतात.

शिमग्यापर्यंत आठ-दहा वेळा तीन तासांहून लांब जाऊन आलात, एकदाही पाखाडीची आठवण आली नाही, आणि वेगापेक्षा हातांच्या बदलत्या पकडीची गरज खरोखर वाटली, तर ग्रॅव्हल बाईक घ्या. तेव्हा घरच्यांना सांगायला कारणही पक्कं असेल. नव्वद हजारांत बहुतेक ठिकाणी तारेचे डिस्क ब्रेक मिळतात. तुमच्या बोटांना हायड्रॉलिकची सवय आहे, पाच मिनिटांच्या उभ्या उतारावर मनगट भरून येईल, आणि तारेच्या आवरणात खारा दमटपणा शिरून ती जड होते ते वेगळंच. गिअर थोडे कमी दर्जाचे चालतील, ब्रेक हायड्रॉलिक हवेत. फ्रेममध्ये किमान 45 मिमीचा टायर जाऊन दोन्ही बाजूंना बोट शिरेल इतकी जागा हवी. पुढे दोन दातेरी चाकं, लहान 30 दातांचं, आणि मागे 34 किंवा 36 असेल तर आपल्या चढांना निभेल. मापाच्या बाबतीत माउंटनची ‘लार्ज’ म्हणजे ग्रॅव्हलची ‘लार्ज’ नव्हे. हात हूडवर (ब्रेक-लिव्हरच्या रबरी मुठींवर) ठेवून अर्धा तास चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

काढलेले खडबडीत टायर मात्र आत्ताच कुणाला देऊन टाकू नका. सीलंट असेल तर पुसून, पावडर चोळून, उन्हापासून लांब माळ्यावर टांगून ठेवा. गटातल्यांची रविवारची हाक येत राहणार, आणि दोन टायर पुन्हा चढवायला अर्धा तास पुरतो.